नाव छापायला आणण्याआधी

माझा धंदा लेबलांचा. कोल्हापुरात मसाले, चटण्या, पापड, गूळ पावडर करणाऱ्यांची लेबलं, पाऊच आणि दुकानांचे बोर्ड आमच्याकडं होतात. गिऱ्हाईक येतं ते डिझाइनचं बोलायला. "ताई, जरा उठावदार करा," एवढीच मागणी असते. नाव घरातनं पक्कं करूनच आणलेलं असतं, बऱ्याचदा त्याची पूजाही झालेली असते. अशा वेळी मी तोंड उघडलं की वाईटपणा येतो. म्हणून हे लिहून ठेवते. नाव ठरलं नसेल तर आत्ताच वाचा, ठरलं असेल तर छपाईचा ॲडव्हान्स देण्याआधी वाचा.

सगळ्यात आधी हे लक्षात घ्या की दुकानात नाव कुणी वाचत बसत नाही, ते मागितलं जातं. किराण्याच्या काउंटरपुढं एक बाई उभी आहे, मागं चार माणसं खोळंबलीत, दुकानदाराच्या एका कानाला फोन आहे. ती म्हणते, "दादा, ते अमुक द्या." त्या अमुकच्या जागी तुमचं नाव तिच्या तोंडात बसतं का? दुकानदाराला पहिल्या खेपेलाच ऐकू येतं का? की ती शेवटी कंटाळून "ते हिरव्या पाकिटातलं द्या" म्हणते? हिरव्या पाकिटातलं म्हणाली की माल तुमचा जाईलच असं नाही, कारण हिरवी पाकिटं सगळेच काढतात. पुढं जे काही सांगतेय ते सगळं त्या काउंटरवरच्या बाईला धरून आहे.

फोनवरची परीक्षा

ही फुकट आहे आणि हीच कुणी करत नाही. तुमच्या धंद्याची ज्यांना कल्पना नाही अशा तीन-चार जणांना फोन लावा. गावाकडची एखादी मावशी, कॉलेजातला भाचा, आणि एक तरी मराठी न बोलणारा माणूस, म्हणजे समजा ट्रान्सपोर्टवाला. नाव एकदाच सांगा. अर्थ सांगू नका, "म्हणजे बघा, त्याच्यामागं असा विचार आहे" हे तर अजिबात सुरू करू नका. म्हणा, "जे ऐकलंस ते व्हॉट्सॲपवर लिहून पाठव." जे लिहून येईल ते तुमचं खरं नाव. चौघांनी चार तऱ्हेनं लिहिलं तर उद्या गूगलवर आणि मॅपवरही लोक चार तऱ्हेनं शोधणार.

दुसऱ्या दिवशी त्यांनाच परत विचारा, "काल मी एक नाव सांगितलं होतं, काय होतं ते?" समृद्धी, संस्कृती, स्वाद, सुरुची ही मंडळी इथं गळतात. "श्री काहीतरी होतं बघ," असं उत्तर आलं तर वहीत दुसरं नाव लिहायला घ्या.

मराठी न बोलणाऱ्याच्या तोंडी ळचा ल होणार, हे धरूनच चाला. तेवढ्यानं बिघडतंच असं नाही. गोकुळ दूध कुणी 'गोकुल' म्हणून मागितलं तरी पिशवी गोकुळचीच हातात पडते. पण लहान मुलांच्या सत्त्वाच्या डब्यावर 'बाळ' असेल आणि माल इंदूरला जायचा असेल, तर तिथं तो 'बाल' होतो. बाल म्हणजे मूल हे त्यांनाही कळतं, पण खायच्या डब्यावर तो शब्द दिसला की आधी केसच आठवतो.

तीच गत जोडाक्षरांची. गूळ पावडरीला 'गुऱ्हाळ' हे नाव कुणी सुचवलं तर मला ते मनापासून आवडेल. उच्चारलं की काहिलीतल्या रसाचा वास येतो. पण त्यातला तो आडवा अर्धा र, 'कुऱ्हाड' आणि 'तऱ्हा'तला, फार दगा देतो. तुम्ही मोबाइलवर टाइप करता ते युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या फोन-कॉम्प्युटरवर सारखंच चालणाऱ्या पद्धतीत. आमच्याकडं बरंच काम अजून श्रीलिपीच्या जुन्या मराठी फॉन्टात आणि कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये होतं. मधल्या बदलाबदलीत अक्षरं तुटतात, मग ऑपरेटर परत टाइप करतो, आणि घाईत त्या अर्ध्या रचा रफार होतो. ह वर रफार बसून 'गुर्हाळ' छापून येतं आणि पाच हजार पाऊच तसेच बाजारात जातात. असं नाव घ्यायचंच असेल तर घ्या, पण ते कागदावर हातानं मोठं लिहून त्याचा फोटो पाठवा आणि प्रूफ, म्हणजे छपाईआधीचा नमुना, आल्यावर अक्षरावर बोट ठेवून बघा. नुसतं "ओके ताई" म्हणू नका.

पोरांच्या नावांची जोडणी

हा आपल्याकडचा सगळ्यात लाडका प्रकार. मुलाच्या नावातली दोन अक्षरं, मुलीच्या नावातली दोन, झाला ब्रँड. मुळात यात वाईट काही नाही. करसनभाई पटेलांनी १९६९ साली कपडे धुवायची पावडर विकायला काढली तेव्हा मुलीच्या निरुपमा या नावावरनंच 'निरमा' केलं, आणि ते देशभर गेलं. पण ते एकाच नावातनं आलं होतं, तीन अक्षरांचं होतं, आणि त्यात 'निर्मळ'चा भास होता. जोडणी करताना हे तिन्ही सुटतं.

समजा प्रेरणा आणि तन्मय अशी पोरं आहेत. आईवडलांना दोघांचीही पहिली अक्षरं हवी असतात. होतं काय, तर 'प्रेत'. रोहन आणि गायत्रीचं 'रोगा'. सुजाता, तन्वी आणि घरातला धाकटा कबीर असा तिघांचा मान राखला तर थेट 'सुतक'. हसू नका, अशी नावं माझ्या टेबलावर येतात, आणि आणणाऱ्याला ते दिसत नाही, कारण त्याला त्यात पोरांचे चेहरे दिसत असतात. बऱ्याचदा ती इंग्रजी अक्षरांत जुळवलेली असतात, त्यामुळं घरात कुणाला खटकत नाही. देवनागरीत लिहिलं की उघडं पडतं. म्हणून जोडणी केलीच तर ती लगेच मराठीत लिहा आणि शेजारच्या एखाद्या आगाऊ पोराला वाचायला द्या. शाळेतली पोरं नावाची वाट लावण्यात पटाईत असतात. त्यांना पाच मिनिटांत काही सापडलं नाही तर नाव बरंचसं सुरक्षित समजा.

आडनाव लावावं का?

लावावं, पण ते टिकवायची तयारी असेल तर. चितळे, बेडेकर, किर्लोस्कर ही आडनावंच आहेत आणि त्यांच्या मागं पिढ्यान्‌पिढ्यांचं काम आहे. आडनावात एक जबाबदारी असते, आणि गिऱ्हाइकाला ती जाणवते. घरातलं माणूस नाव लावून विकतंय म्हटल्यावर भेसळ करणार नाही, असं लोक धरून चालतात. अडचण दोन ठिकाणी येते. एक, भावाभावांत वाटण्या झाल्या की तेच आडनाव दोन पाट्यांवर येतं आणि मग 'मूळ', 'जुने', 'आमची कुठंही शाखा नाही' सुरू होतं. आज चुलतभावाशी कितीही गोडीगुलाबी असली तरी नाव कुणाचं राहणार हे भागीदारीच्या कागदावर लिहून ठेवा.

दुसरी अडचण माल बाहेरदेशी पाठवणाऱ्यांची. आपली काही आडनावं इंग्रजी लिपीत घातली की भलतंच रूप घेतात. गोरे लिहिलं तर इंग्रजी वाचणारा 'गोअर' वाचतो, म्हणजे रक्तमांसाचा चिखल. 'गोरे मटण मसाला' लंडनच्या दुकानात ठेवून बघा. काळे तिकडं पालेभाजी होते, माने आयाळ होते, दाते म्हणजे तारीख नाहीतर खजूर. साने तेवढे सुटले, कारण इंग्रजीत ते शहाणे ठरतात. ज्यांचा माल तिकडच्या मराठी घरांतच जाणार त्यांनी याची फिकीर करू नये. तिथली काकू गोरे बरोबर वाचते. पण सुपरमार्केटच्या फळीवर जायचं असेल तर आडनावाऐवजी दुसरं काही शोधा.

देव, छत्रपती आणि गड

श्री, साई, माउली, जगदंबा, गणेश यांच्याबद्दल मी भक्तीनं बोलत नाही, धंद्यानं बोलते. यातलं नाव घेतलं की तुम्ही गर्दीत उभे राहता. एकाच पेठेत तीन माउली असतात, आणि कुरिअरवाला तिघांचंही पार्सल पहिल्याच माउलीत टाकून जातो. त्यात आणखी एक, पाकीट फाटून रस्त्यावर पडतं, पायाखाली येतं. देवाचं चित्र लेबलावर हवं असलं तर हा विचार आधी करा. गिऱ्हाइकांतले जुने लोक ते बोलून दाखवतात.

महापुरुषांच्या नावाबाबत मात्र आवडनिवडीचा प्रश्नच नाही. बोधचिन्हं आणि नावांचा गैरवापर रोखणारा १९५० चा केंद्राचा कायदा आहे, त्याच्या यादीत छत्रपती शिवाजी महाराजांचं आणि महात्मा गांधींचं नाव आणि चित्र आहे. धंद्यासाठी ते परवानगीशिवाय वापरता येत नाही. राज्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर दारू विकणाऱ्या किंवा देणाऱ्या दुकानांना महापुरुषांची आणि गडकिल्ल्यांची नावं देता येत नाहीत. कायद्यापलीकडं लोकभावना असतेच. 'संभाजी बिडी' हे पुण्याकडचं कितीतरी जुनं नाव. शिवप्रेमींनी आंदोलन लावून धरलं आणि २०२० साली कंपनीनं नाव बदलायचं जाहीर केलं. पुढं ती 'साबळे बिडी' झाली. ज्या नावापुढं लोक मान लवून उभे राहतात ते ज्या वस्तूचं थोटूक पायानं विझवतात तिच्यावर नको, एवढं साधं आहे.

मग चांगलं नाव असतं तरी कसं?

दोन वाटा मला पटतात. पहिली म्हणजे वस्तूचं नाव न घेता वस्तू आठवून देणारं नाव. 'गोकुळ' यात दूध हा शब्द कुठं आहे? पण दुधाशिवाय दुसरं काही मनात येत नाही. कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीच्या कारखान्यानं आपल्या कंदिलाला 'प्रभाकर' नाव दिलं. सूर्याचंही नाव आणि घराघरांतल्या माणसाचंही. कंदील मागायला गेलेल्याच्या ते सहज तोंडात बसत असणार.

दुसरी वाट म्हणजे वस्तूशी काहीच संबंध नसलेलं, पण डोळ्यापुढं चित्र उभं करणारं नाव. गिरगावातल्या दांडेकर बंधूंनी १९३१ मध्ये शाईचा धंदा सुरू केला. आधी 'हॉर्स ब्रँड', मग 'कॅमल'. उंटाचा आणि शाईचा काय संबंध? काही नाही, आणि त्यामुळंच तो डोक्यात राहिला. पुढं कॅमल आणि इंक मिळून 'कॅम्लिन' झालं. आपल्यातल्या कितीतरी जणांनी कंपासपेटीवर तो शब्द आधी बघितला, अर्थ कधी विचारलाच नाही.

आद्याक्षरांच्या नावांबद्दल लोक 'विको'चा दाखला देतात. विष्णू इंडस्ट्रियल केमिकल कंपनी, त्याचं विको. पण ती आद्याक्षरं जुळून उच्चारता येणारा शब्द झाला, हे बघा. तुमच्या एस.के.व्ही.आर.चा काही शब्द होत नाही. काउंटरवरची बाई चार इंग्रजी अक्षरं क्रमानं लक्षात ठेवणार नाही.

आणि नाव सुचतच नसेल तर लोकांना विचारा. लिज्जत पापडाचं नाव १९६२ साली स्पर्धा लावून निवडलं, बक्षीस होतं पाच रुपये. याहून सोपं म्हणजे लोक तुम्हाला आधीच काय म्हणतात ते ऐका. ठाण्यातली 'मामलेदार' मिसळ बघा. मामलेदार कचेरीजवळची म्हणून मामलेदार. कुणी जाहिरात कंपनीला पैसे देऊन असं नाव मिळालं नसतं. तुमच्या चटणीला वाडीतले लोक 'पाटलीणबाईंची चटणी' म्हणत असतील तर तुम्ही 'रॉयल स्पायसी डिलाइट' कशाला छापताय?

'शुद्ध', 'अस्सल', 'घरगुती', 'कोल्हापुरी' या शब्दांवर मात्र जीव लावू नका. ते लेबलावर वर्णन म्हणून शोभतात, नाव म्हणून तुमचे होत नाहीत. ट्रेडमार्क कायद्याच्या कलम ९ खाली, मालाचा गुण किंवा गाव सांगणाऱ्या नावावर हरकत येते. 'कोल्हापुरी कांदा-लसूण मसाला' हे सगळ्यांचं आहे. त्याच्यावर तुमचं काय ते सांगा.

आपल्या हातात नसलेलं दुर्दैव

टाटा मोटर्सनं 'झिप्पी कार'वरनं आपल्या छोट्या गाडीचं नाव 'झिका' ठेवलं होतं. गाडी बाजारात यायला आणि झिका विषाणूची साथ जगभर गाजायला एकच गाठ पडली. २०१६ च्या फेब्रुवारीत नाव मागं घेऊन लोकांकडनं सूचना मागवल्या, आणि गाडी 'टियागो' म्हणून आली. यात कुणाचा दोष नाही. शिकायचं तर एवढंच की माल रस्त्यावर उतरायच्या आत त्यांनी नाव बदललं, "लोक विसरतील" म्हणत बसले नाहीत.

'सत्यम' कॉम्प्युटर्सचं उलटं झालं. २००९ च्या जानेवारीत खुद्द अध्यक्षांनीच हिशेब खोटे असल्याचं कबूल केलं, आणि नावच टिंगलीचा विषय झालं. सत्य, विश्वास, निष्ठा, प्रामाणिक असले शब्द पाटीवर लावणाऱ्यांना मी म्हणून दोनदा विचारते. पतसंस्थावाले तर हमखास हेच आणतात. साध्या नावाच्या संस्थेची गडबड झाली तर एक दिवस बातमी येते. 'विश्वास'ची झाली की मथळा आयता मिळतो.

बोर्डावर गेल्यावर

महाराष्ट्रात दुकान असेल तर पाटी मराठीत, देवनागरीत हवी आणि ती अक्षरं दुसऱ्या लिपीपेक्षा लहान चालत नाहीत. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली तेव्हा आमच्याकडं रात्रपाळी चालली होती. त्यात कितीतरी जणांनी आयुष्यात पहिल्यांदा आपलं नाव मराठीत कसं लिहायचं याचा विचार केला. ऱ्हस्व की दीर्घ, ॲ की ए, सगळं बोर्ड तयार व्हायच्या आदल्या रात्री. तुम्ही आधीच ठरवा, आणि बोर्ड, लेबल, बिल, सगळीकडं एकच ठेवा.

एलईडीच्या सुट्या अक्षरांचा बोर्ड करणाऱ्यांना एक कानमंत्र. 'अ'नं सुरू होणारी शुभ नावं बघून घ्या. पावसाळ्यात पहिलं अक्षर गेलं की 'अमृत'चं 'मृत' होतं, आणि 'अमर हॉस्पिटल'चं काय होतं ते मी लिहीत नाही. एकतर वायरिंग असं करून घ्या की गेलं तर सगळंच जाईल, नाहीतर सुट्या अक्षरांचा नाद सोडा.

कागदपत्रं, क्रमानं

नाव आवडलं, परीक्षेत पास झालं, की त्याच दिवशी ट्रेडमार्कच्या सरकारी संकेतस्थळावर शोधा. शोध फुकट आहे. नुसतं स्पेलिंग टाकून थांबू नका, उच्चारावरनं शोधायचा वेगळा पर्याय आहे तोही बघा. मालाचे आणि सेवांचे मिळून ४५ वर्ग आहेत. मसाले, चहा, साखर, पिठं ३० मध्ये, दूध आणि खायची तेलं २९ मध्ये, कपडे-चपला २५ मध्ये, हॉटेल ४३ मध्ये. मसाल्याचा अर्ज २५ मध्ये भरून आलेले लोक मी बघितलेत.

"आमचं नाव थोडं वेगळं आहे," या भरवशावर राहू नका. 'अमृतधारा' आणि 'लक्ष्मणधारा' या दोन औषधांच्या नावांचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. १९६२ च्या निकालात कोर्टानं म्हटलं की नावाचे तुकडे करून अर्थ बघत बसायचं नाही, साध्या गिऱ्हाइकाच्या अर्धवट आठवणीत काय राहतं ते बघायचं. म्हणजे पुन्हा काउंटरवरची तीच बाई. नावं फसवी सारखी ठरली. तरी 'अमृतधारा'वाल्यांनी बरीच वर्षं चालू दिलं होतं म्हणून 'लक्ष्मणधारा'ला उत्तर प्रदेशापुरती नोंदणी मिळाली. म्हणून तुमच्यासारखं नाव दुसऱ्यानं लावलं तर "जाऊ दे, गावातलाच आहे" म्हणून वर्षानुवर्षं गप्प बसू नका.

ऑनलाइन अर्जाला एकट्या माणसाला किंवा छोट्या उद्योगाला एका वर्गासाठी ४,५०० रुपये सरकारी फी आहे, इतरांना ९,०००. अर्ज मंजूर होऊन ट्रेडमार्कच्या सरकारी जर्नलमध्ये छापून आला की चार महिने कुणालाही हरकत घेता येते. नोंदणी दहा वर्षांची, पुढं नूतनीकरण. तोवर नावापुढं टीएम लावायला हरकत नाही, पण वर्तुळातला आर नोंदणी झाल्याशिवाय लावू नका, तो गुन्हा आहे. "सगळेच लावतात" म्हणून माझ्याकडं हट्ट धरणारे खूप असतात. मी छापून देत नाही. कंपनी रजिस्टर झाली म्हणजे नाव आपलं झालं असंही समजू नका, ती नोंदणी वेगळी आणि ट्रेडमार्क वेगळा.

आणि छपाई. ग्रॅव्हिअरवर, म्हणजे कोरलेल्या सिलिंडरवरनं, छापलेल्या पाऊचला प्रत्येक रंगाचा वेगळा सिलिंडर कोरावा लागतो. नावात एक वेलांटी बदलली तरी ज्या रंगात नाव आहे तो सिलिंडर परत करावा लागतो, छापलेला रोल भंगारात जातो तो वेगळाच. म्हणून पहिल्या खेपेला साधे कोरे पाऊच घ्या आणि त्यावर डिजिटलचे स्टिकर लावा. दिसायला थोडं कमी पडेल, नगामागं महागही पडेल. पण तेवढ्यात दोन-तीन दुकानांत माल ठेवून होतो, आणि लोक काय म्हणून मागतात ते दुकानदाराकडनं कळतं. सिलिंडरची ऑर्डर त्यानंतर द्या.